काकीच्या कॅसेटची साफसफाई

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. महाप्याच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी मेहनतीने बनवलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि महिनाअखेर पगार घ्यायचा, हे माझं काम. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली की मला वाटतं, आज टोमॅटोत काहीतरी गडबड आहे. माझा नवरा म्हणतो, तू लग्नाआधी माझा शाळेचा दाखलासुद्धा तपासला असतास. तपासला होता, फक्त त्याला अजून माहीत नाही.

पण या बाबतीत माझ्या मोठ्या काकीचा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नाही. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती घणसोली गावात राहते. चुलतभावाने जुनं घर पाडून चार मजले चढवले, वरचे मजले भाडेकरूंना दिले, आणि गुडघ्यांमुळे काकी खालच्या खोलीत राहिली. चुलतभावाचे ट्रेलर द्रोणागिरीच्या गोदामांवर चालतात, तो घरी झोपण्यापुरता येतो. घर सांभाळते ती वहिनी, काकीची सून. काकी दारातल्या खुर्चीत बसून जिन्याने कोण चढलं, कोण उतरलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, यावर नजर ठेवून असते. डॉक्टरच्या बीपीच्या यंत्रावर तिचा विश्वास नाही. ते डॉक्टरच्या बाजूने बोलतं, असं तिचं म्हणणं.

माझी जन्मदाती आई मी चालायला लागले होते पण बोलायला लागले नव्हते, तेव्हा गेली. वडिलांचं दुसरं लग्न होईपर्यंत मी काकीच्या कडेवर होते. मग नवी आई आली. तिला मी आई म्हणते आणि मनापासून म्हणते, त्यात काही खोट नाही. मात्र आजीने तेव्हा घरात एक हुकूम काढला होता, की पोरीसमोर पहिलीचं नाव कोणी काढायचं नाही, पोरीचं मन नवीत रमू दे. आमच्या घराने हा हुकूम इतका इमानाने पाळला, की पहिलीचं घरात काही उरलंच नाही. उरला तो देव्हाऱ्यातला चांदीचा टाक. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक करून त्याला रोज हळदकुंकू लावायचं ही आमच्याकडची रीत, आणि आईने ती कधी चुकवली नाही. टाकावर सोनाराने ठोकून काढलेला एक चेहरा आहे, नाक, डोळे, कपाळावर ठिपका. तो कोणत्याही बाईचा असू शकतो. एवढीच माझी पहिली आई मला माहीत होती. विचारायचं ते वय होतं तेव्हा कोणी बोललं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी काकीचा टेपरेकॉर्डर बंद पडला. तो दुरुस्त करणारा माणूस आता मिळत नाही, आणि नवा घ्यायला गेलं तर दुकानदार आपणच जुनी वस्तू असल्यासारखं बघतो. काकीकडे कॅसेट एकच होती. कपाटात साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एका पिशवीत गुंडाळलेली. माझ्या आत्याच्या लग्नात म्हटलेले धवले त्यात होते. आमच्या आगरी लग्नात भटजी येवो न येवो, धवल्यांशिवाय हळद लागत नाही. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलायची, आणि अशी गाणी तासन्‌तास चालायची. गल्फमधून आलेल्या कोणा पाहुण्याने ते टेप केलं होतं. घरात सगळे तिला ‘काकीची कॅसेट’ म्हणत. दुपारी जेवणं झाली, माणसं लवंडली, की काकी ती एकदा लावायची आणि परत साड्यांखाली ठेवायची. माझ्या कानावर ती कधी नीट पडली नव्हती.

टेपरेकॉर्डर गेल्यावर काकी गप्प झाली. वहिनीने फोनवर मला सांगितलं, की जेवणसुद्धा कमी झालंय. मी गेले तेव्हा कळलं, की कानाच्या डॉक्टरने तिला सांगितलंय, उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. काकीने डॉक्टरवर विश्वास ठेवला, हीच मोठी काळजीची गोष्ट होती.

“कान हायत तवर मना ती आयकायची हाय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी करते. एक छोटा डबा आणते, तुझी कॅसेट त्यात भरते, जुन्या स्पीकरला जोडते. मग एकच बटण दाबायचं. काकीने दहा प्रश्न विचारले. डबा कोणाचा, गाणी त्यात शिरल्यावर कॅसेटमधून जातात का, डब्याचा मालक ती ऐकणार का. शेवटी तिने पिशवी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

“तू सवता आयक. दुकानात देव नको. आनि जशी हाय तशी आन.”

आणि मग तिने माझ्या तोंडाकडे इतका वेळ पाहिलं, की मला राग आला. एवढाही भरवसा नाही, असं वाटलं. पिशवी घेऊन मी निघाले.

कॅसेट मी कोणाला दिली नाही. ऑफिसातल्या एकाच्या वडिलांकडे चालू डेक होता, तो मागून आणला आणि घरी बसून सगळी कॅसेट कंप्यूटरवर उतरवली. आवाज इतका खराब होता की मला स्फुरणच चढलं. खरखर होती, भांडी आपटत होती, मागे कोणीतरी कोणाला वाढायला बोलावत होतं. तिसऱ्या धवल्याच्या मध्यात एक पोर भोकाड पसरत होतं, कोणीतरी बाई काहीतरी पुटपुटत होती आणि त्यानंतर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, गाणाऱ्या बायका अडखळल्या असाव्यात तशी. हे सगळं मी कापलं. कापलेली टोकं अशी सफाईने जोडली, की सांधा शोधून सापडू नये. वरचा आवाज उचलला, खालचा दाबला. गाणं धुतल्यासारखं स्वच्छ झालं. वरचा आवाज खणखणीत होता आणि मला काकीच्या तरुणपणाचं कौतुक वाटलं. कामाच्या नादात मी ते धवले इतक्यांदा ऐकले की भांडी घासतानाही ओठांवर यायला लागले.

डबा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. दोन-तीन काडेपेट्या एकावर एक ठेवल्यावर होईल एवढा. घरच्या वाय-फायवर चालणारा, वर एक मोठं बटण. दाबलं की गाणं सुरू, परत दाबलं की बंद. सकाळी आपोआप भजनं लागतील, अशीही सोय केली. रविवारी जाऊन जोडला, काकीचं बोट धरून बटण दाबायला शिकवलं. पहिला धवला सुरू झाला तेव्हा तिने डोळे मिटले. मला वाटलं, झालं आपलं काम.

तिथेच मी एक आगाऊपणा केला. फोन काढून तिला दाखवलं, की तू काय लावलंस, कुठे थांबवलंस, हे मला महाप्यात बसून दिसतं. बिघडलं तर मी तिथूनच दुरुस्त करीन, असंही सांगितलं. काकीने डोळे उघडले आणि फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढचं काही तिने ऐकलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी फोनवर डबा ऑफलाइन दिसायला लागला. सकाळी असायचा, जेवणानंतर गायब. मला वहिनीचा संशय आला. वहिनी तशी वाईट नाही, पण दुपारी तिला तिच्या मालिका शांतपणे बघायच्या असतात, आणि त्या जुन्या रडक्या गाण्यांचा तिला कंटाळा आहे हे ती लपवत नाही. मी फोन केला आणि आडून आडून विचारलं, दुपारी मीटर वगैरे बंद होतं का तुमच्याकडे. ती हुशार आहे, लगेच समजली.

“ताई, मी त्या डब्याला हात पण नाय लावत. तुम्ही आणि आमच्या सासूबाई, दोघींचं टेन्शन मला नको. इथे येऊन बघा.”

गेले आणि बघितलं, तर डब्यावर भाताचा स्टीलचा टोप पालथा घातलेला. पोलादाच्या आत वाय-फायचा जीव गुदमरला होता. काकी शांतपणे सुपारी कातरत होती. ते आयकतं, तिने सांगितलं. वहिनी फोनजवळ साडीबद्दल बोलली तर फोनात साड्या आल्या, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हा डबा काय सोवळ्यातला आहे का?

मी डब्याचे स्क्रू काढून तिला आतलं दाखवलं. माईक नाही, कॅमेरा नाही, एवढीशी हिरवी पाटी आणि वायरी. तिने टॉर्च मारून पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्या शंकेला मी हसले नाही, कारण तिच्या जागी मीही तेच केलं असतं. शेवटी टोप स्वयंपाकघरात गेला. मला मात्र एक गोष्ट बोचत राहिली. ऐकण्याची भीती तिला होती, तर मग सकाळी भजनं लागतात तेव्हा टोप का नसायचा? दुपारी तिची स्वतःची कॅसेट लागायची तेव्हाच का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

टोप गेल्यावर दिसायला लागलं. रोज दुपारी काकी कॅसेट लावायची. पहिला धवला पुरा, दुसरा पुरा, आणि तिसरा मध्यात थांबायचा. रोज त्याच जागी. एक सेकंद पुढे नाही, मागे नाही. मग ती तो पुन्हा पहिल्यापासून लावायची आणि परत तिथेच थांबायची.

टेस्टरला एकाच जागी अडणारी गोष्ट दिसली की त्याला झोप लागत नाही. फाइल खराब असेल म्हणून मी ती घरी दहा वेळा वाजवली, कुठेही अडली नाही. मग परत वहिनीचा संशय आला, मग वरच्या भाडेकरूंचा. आणि सगळ्यात शेवटी, बोलू नये पण आला, काकीच्या डोक्याचा. या वयात माणसं एकाच जागी अडतात. तेच विचारतात, तेच उघडतात, तेच बंद करतात. हे मनात आलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत टिफिन बंद करून बसले होते आणि मला खरोखर भीती वाटली. काकी गेली तर अगदी लहानपणी मला कडेवर वागवलेलं कोणी उरत नव्हतं.

पुढच्या रविवारी न सांगता गेले. वहिनी माहेरी गेली होती. काकीला म्हटलं, चल, आपण मिळून ऐकू. ती नको म्हणाली. मी बटण दाबलं. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यात, बरोबर त्या जागी, काकीचा हात पुढे आला आणि तिने बटण दाबलं. ती विसरलेली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

“कनाला कापलंस?” ती म्हणाली.

मला त्या सांध्याचा गर्व होता. तो या अर्ध्या बहिऱ्या म्हातारीला सापडला, याचंच आधी आश्चर्य वाटलं. कशाला ते मी सांगत सुटले, की अगं तिथे पोर रडत होतं, कोणी बोलत होतं, तुम्ही अडखळून तीच ओळ म्हणत होतात, म्हणून साफ केलं. तुझंच गाणं चांगलं वाटावं म्हणून.

“माजं गानं?” काकी म्हणाली. “मी झेलनारी हाय गो. वल टाकते ती तुजी आयस.”

म्हणजे माझी पहिली आई. आणि माझं मन जे नेहमी करतं तेच त्याने केलं, विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, वय झालंय, सरमिसळ होतेय. किंवा मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. मी म्हटलं, काकी, ती पहिली ओळ तू म्हणून दाखव बघू. तिने तोंड उघडलं आणि थांबली. परत उघडलं. जन्मभर ऐकलेल्या गाण्याची पहिली ओळ तिच्याने सुरू होईना. ती बोलता बोलता विसरलेल्या माणसासारखी दिसत नव्हती, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसत होती. मी डबा सुरू केला. त्या खणखणीत आवाजाने ओळ टाकली, आणि ती संपते न संपते तोच काकीने मागून झेलली. घसा पार बसलेला, पण वळण तेच, शेवटचं अक्षर खाली सोडण्याची ढब तीच. डब्यातल्या दुसऱ्या, दबलेल्या आवाजाच्या अंगावर तिचा आवाज बरोबर बसला. तो आवाज मीच दाबला होता.

मग ती बोलली. आजीने सगळ्यांना देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावला होता, तिलाही. आजी गेली, पण देवापुढे दिलेला शब्द तिच्या मागे थोडाच जातो. माझी जन्मदाती आई गेल्यावर काकीने लग्नात धवले म्हणणंही सोडलं. लोकांना वाटलं गर्व झाला. खरं असं होतं, की ओळ टाकणारीच गेली, आता झेलायचं काय. तिने एवढी वर्षं माझ्यासमोर एक अक्षर काढलं नाही. पण कान जायला लागले तेव्हा तिला घाई झाली.

“सांगायचं नाय असा शबुद होता. आयकवायचं नाय असं कोन बोललं नव्हतं.”

म्हणून तिने कॅसेट माझ्या हातात दिली होती. दुकानात देऊ नको, तू स्वतः ऐक. तिची समजूत अशी, की पोरीने आईचा आवाज ऐकला की पोर ओळखते, सांगावं लागत नाही. ती माझ्या तोंडाकडे एवढा वेळ बघत राहिली होती ती त्यासाठी. मी परत आले ते हसत, डबा घेऊन, चकार शब्द न बोलता. आणि गाणं लावलं तर आईचं बोलणं तेवढं नेमकं कापलेलं. काकीला दुसरं काय वाटणार? तिला वाटलं मी ओळखलं, आणि रागाने कापलं. एवढी वर्षं लपवलंत ना, मग घ्या. टोप तिने माझ्या भीतीने घातला होता, उरलेलंही मी दुरून कापीन म्हणून. रोज दुपारी ती तिथवर ऐकायची आणि बघायची, की मला दया येऊन मी ते परत घातलंय का. मला महाप्यातून सगळं करता येतं, असं मीच तिला सांगितलं होतं.

तिला वाटलं तेवढी वाईट मी नव्हते. पण मला त्यात काही समाधान वाटलं नाही. राग असता तर निदान ओळख तरी असती. मी माझ्या आईला खरखर समजून पुसली होती.

देवाची कृपा एवढीच, की संशयी माणूस मूळ फाइल कधी पुसत नाही. न साफ केलेली कॅसेट माझ्याकडे तशीच होती. फोनवरून डब्यात चढवली. तेवढा वेळ काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग मी तिसरा धवला लावला आणि स्पीकर तिच्या डाव्या कानाकडे फिरवला.

खरखर आली. भांडी आली. तो आवाज ओळ टाकत होता, काकी झेलत होती, आणि मग पोर रडायला लागलं. ते रडणं माझं होतं. ओळ अर्ध्यात तुटली.

“येतंय गो बाय, येतंय,” आवाज म्हणाला.

गाणारा नव्हे, बोलणारा आवाज. जरा धापा टाकत, जरा वैतागत, पाय उचलून निघालेल्या बाईचा. मागे काकी एकटी पडली. तिला पुढची ओळ येत नव्हती, म्हणून ती झेललेली ओळच म्हणत राहिली, पुन्हा, पुन्हा, मी अडखळणं समजले होते ती. रडणं जवळ जवळ येत गेलं, मग कोणाच्या तरी खांद्यात दबलं, हुंदक्यावर आलं. आणि माईकच्या अगदी तोंडाशी, मला कडेवर घेऊन, आवाजाने पुढची ओळ टाकली.

गाणं संपेपर्यंत मी तो आवाज कुठून तरी आठवतो का ते शोधत होते. अंगात, पोटात, जिथे म्हणतात की राहतं, तिथे सगळीकडे. काही आलं नाही. तो एका तरुण बाईचा आवाज होता, माझ्या आताच्या वयापेक्षा पुष्कळ लहान, आणि मला तो नवा होता.

“वलखलंस?” काकीने विचारलं.

मी हो म्हटलं.

काकीने माझ्याकडे नीट पाहिलं, भाडेकरूच्या पिशवीकडे बघते तसं.

“खोटं बोलतंस,” ती म्हणाली. “परत लाव. वलखशील तवर लाव.”